लहरींचा सात आहे, बारा कुठे आहे?

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण
आणि मा. सचिव, दूरसंचार विभाग, नवी दिल्ली

विषय : विकलेल्या, पण डोंगरात पडीक राहिलेल्या स्पेक्ट्रमची पीकपाहणी करण्याबाबत.

महोदय,

विषयातला 'पीकपाहणी' हा शब्द वाचून आपल्या आवक-जावक टेबलावरून हे पत्र महसूल खात्याकडे जाऊ नये, ही पहिली विनंती. पत्र आपल्याच खात्याचं आहे. पीकपाहणीचं काय ते पुढे सांगतो.

मी पालघर जिल्ह्यात, मोखाडा तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. सातबारा, जातीचे दाखले, पीएम किसान, शिष्यवृत्तीचे फॉर्म, जे येईल ते. त्याआधी बरीच वर्षं माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मी छपरावर चढून ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना फिरवायचो आणि खालून पोरं ओरडायची, 'आलं, आलं... गेलं!' लहरींचं माझं शिक्षण एवढंच. मी इंजिनिअर नाही. पण कोणती लहर डोंगरामागे पोचते आणि कोणती नाही, हे हाताला कळलेलं आहे.

२०२५ च्या शेवटी लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी चालू होती. त्यात बाईच्या आधारचा ओटीपी लागायचा आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. एका पाड्यावरची बाई सकाळच्या जीपने आली, पाठीला पोर. तिचा ओटीपी लगेच आला, कारण ती बाजारगावात माझ्यासमोर उभी होती. नवरा शेळ्यांमुळे घरी राहिला होता. पाड्यात रेंज नाही, पण वरच्या कातळावर दोन काड्या येतात, तिथे जाऊन बस म्हणून तिने त्याला बजावून ठेवलं होतं. तो बसलाही होता. ओटीपी पोचला. आकडे सांगायला त्याने फोन केला, तीन आकडे ऐकू आले आणि फोन कट. परत केला, पुन्हा तसंच. दहा मिनिटांत ओटीपी बाद. तिसऱ्यांदा पाठवला तेव्हा पोर्टलने सांगितलं, आता थोड्या वेळाने प्रयत्न करा. 'दादा, आता दुपारची जीप जाईल,' असं म्हणून ती उठली. त्या एका कामासाठी ती तीनदा आली. पंधराशे रुपयांच्या हप्त्यातले किती जीपवाल्याकडे गेले, तो हिशोब मी तिला करून दाखवला नाही.

असे प्रसंग रोजचे आहेत. रेशन दुकानदार पॉस मशीन डोक्यावर धरून फिरतो, रोजगार हमीचा मजुरांचा फोटो ॲपवर चढवायला ग्रामरोजगार सेवक टेकडी चढतो. यावर आपल्याकडून नेहमी एक उत्तर येतं, टॉवर येतोय. येतोय, खरं आहे. काही ठिकाणी आलाही. वीज गेली की त्याची बॅटरी किती वेळ टिकते, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. मला आज टॉवरबद्दल बोलायचं नाही. टॉवरवरून जे निघतं, त्या लहरींच्या पट्ट्यांच्या, म्हणजे स्पेक्ट्रमच्या, मालकीबद्दल बोलायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी मी एक उद्योग केला. केंद्रात फायबर आहे. समोरच्या दरीपलीकडे, सरळ रेषेत चारेक किलोमीटरवर, त्या बाईच्या शेजारचा पाडा आहे, तिथे शाळा आहे. ५.८ गिगाहर्ट्झच्या दोन डिश आणल्या, एक माझ्या गच्चीवर जीआय पाइपला लावली, दुसरी शाळेच्या कौलांवर. हा पट्टा परवानामुक्त आहे. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्या विभागाने २००५ मध्ये खुला केला आणि ५ गिगाहर्ट्झमधला मोठा पट्टा २०१८ मध्ये. त्याबद्दल आभार मानूनच पुढे लिहितो. एप्रिलमध्ये जोडणी केली. सिग्नल उणे ६० च्या आसपास, म्हणजे उत्तम. गुरुजींनी फळ्याशेजारी मोबाइल लावून पोरांना व्हिडिओ दाखवला. मे महिना झकास गेला. जून उजाडला, पाऊस पडला, आणि मधल्या उतारावरचा साग पालवला. पंधरा दिवसांत सिग्नल उणे ८५ वर आला. जुलैत बंद. मला आधी वाटलं डिश हलली. कौलांवर चढलो, तासभर फिरवाफिरवी केली, शेवटी डोळ्यांसमोर होतं ते दिसलं. मेमध्ये ज्या नागड्या फांद्यांमधून माझी गच्ची दिसत होती, तिथे आता सुपाएवढी ओली पानं होती. पाइप आणखी दहा फूट उंच केला, तर वाऱ्याने डुलायला लागला.

याचं कारण आपल्याकडच्या कुठल्याही तंत्रज्ञाला माहीत आहे. लहर जितकी आखूड, तितकं तिला पानाचं, भिंतीचं, टेकडीचं वावडं. ५.८ गिगाहर्ट्झची लहर ओल्या पानात अडकते. ७०० मेगाहर्ट्झची, म्हणजे ०.७ गिगाहर्ट्झची, लांब लहर त्याच पानांतून बऱ्यापैकी निघून जाते, टेकडीच्या कडेने थोडी वळतेही, आणि एकाच खांबावरून कितीतरी लांब पोचते. म्हणजे जंगल-डोंगराच्या मुलखाला जी लहर हवी, ती खालच्या पट्ट्यातली. आणि फुकट मिळते ती वरच्या पट्ट्यातली. आम्हाला मोफत दिलंत ते आमच्याकडे पावसाळ्यात चालत नाही, आणि जे चालेल ते विकायला ठेवलंत.

विक्रीचा इतिहासही आठवून बघावा. २०१६ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा पहिल्यांदा मांडला गेला. राखीव किंमत देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये. ती किंमत ट्रायनेच, म्हणजे आपल्याच प्राधिकरणाने, सुचवली होती. एकाही कंपनीने बोली लावली नाही. २०२१ मध्ये ती ६,५६८ कोटींवर आणली, तरीही कुणी नाही. २०२२ मध्ये ३,९२७ कोटी केली, तेव्हा कुठे एका कंपनीने देशभरासाठी १० मेगाहर्ट्झ घेतला. याच २०२२ च्या लिलावाचा दीड लाख कोटींचा आकडा पेपरांत मोठ्या टायपात आला होता. त्याच लिलावात ६०० मेगाहर्ट्झचा पट्टाही होता, त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही, ही बातमी मात्र मला आतल्या पानावर शोधावी लागली.

म्हणजे डोंगराला सर्वांत उपयोगी असलेली लहर सहा वर्षं दुकानात लटकत राहिली, कारण चिठ्ठीवरचा भाव उतरत नव्हता. धान्य गोदामात सडलं तर त्याचे फोटो येतात. लहर सडत नाही, वास मारत नाही. पण वापरली नाही ती लहर साठवूनही ठेवता येत नाही. २०१७ च्या पावसाळ्यातला ७०० मेगाहर्ट्झ आज कुणाला परत मिळणार नाही.

भाव एवढे चढे का ठेवले, तेही कळतं. २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने टूजीचे १२२ परवाने रद्द केले, त्याआधी कॅगचा तो पावणेदोन लाख कोटींच्या नुकसानीचा आकडा गाजला होता. पुढे २०१७ मध्ये खास न्यायालयाने सगळे आरोपी निर्दोष सोडले, पण तोवर बाबू लोकांच्या मनात एक भीती घर करून बसली होती, की स्वस्तात दिलं तर चौकशी लागेल. महागात ठेवलं आणि विकलंच गेलं नाही, तर चौकशी लागत नाही. मी सरकारी कार्यालयांत इतकी वर्षं फाइली घेऊन उभा राहिलोय, हे मानसशास्त्र मला परकं नाही. पण त्या भीतीची किंमत कातळावर ओटीपीची वाट बघत बसलेला माणूस देतो.

आता पीकपाहणी. महाराष्ट्रात सातबारा म्हणजे मुळात दोन नमुने. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची. गाव नमुना बारा सांगतो तिच्यात या हंगामात काय पिकवलं, किती पडीक ठेवली. सातवर नाव असून चालत नाही, बारामध्ये पीक दिसावं लागतं. आता तर शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाइलवरून ई-पीक पाहणी करतो, २०२१ पासून. दहा गुंठ्यांच्या नाचणीचा फोटो अक्षांश-रेखांशासकट सरकारदरबारी जमा होतो.

स्पेक्ट्रमचा सात आपल्याकडे व्यवस्थित आहे. कोणत्या परिमंडळात, कोणत्या पट्ट्यात, कोणाकडे किती मेगाहर्ट्झ, याचे तक्ते आहेत. देशाचे २२ तुकडे, त्यात आमचा महाराष्ट्राचा तुकडा मुंबई वगळून गोव्यासकट. पणजी ते गडचिरोली एकच गट नंबर! ज्याला फक्त मोखाड्यापुरता पट्टा हवा, त्याला या बाजारात उभंही राहता येत नाही. पण त्या गट नंबरात कुठे पीक आहे आणि कुठे पडीक, त्याचा बारा कुठे आहे? आपल्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्या आता वेबसाइटवर सेवेचे नकाशे टाकतात, ही चांगली गोष्ट आहे. त्यात टूजी, फोरजी, फाइव्हजीचे रंग दिसतात. आमचा पाडा एका नकाशात चक्क रंगवलेला आहे. कदाचित कातळापुरता असेल. पण अमुक कंपनीने घेतलेला अमुक पट्टा मोखाड्याच्या कोणत्या टॉवरवर चालू आहे आणि कोणत्या दरीत एकदाही चालू झाला नाही, हे मला तरी त्या नकाशावरून समजलं नाही.

हे मागण्याचा हक्क आहे का, असं कुणी विचारील. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की प्रक्षेपण वाहून नेणाऱ्या या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत. ते निकालपत्र लिहिणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तर शब्दांत लिहिलंय, की केंद्र सरकार जनतेच्या वतीने स्पेक्ट्रमचं मालक आहे. वतीने! म्हणजे आमचे मुखत्यार. मुखत्याराला मालकाने विचारलं, की बाबा, माझं कुठलं रान पडीक आहे ते दाखव, तर त्याने ते दाखवायला हवं.

आणि याच कायद्यात कलम ७ आहे. ज्याला स्पेक्ट्रम दिला त्याने तो पुरेशा कारणाशिवाय वापरलाच नाही, तर सरकार तो काढून घेऊ शकतं. शिवाय एकाला दिलेल्या पट्ट्यातला काही भाग, त्याला अडथळा होणार नाही अशा बेताने, दुसऱ्यालाही देता येतो. हे कलम जुलै २०२४ पासून लागू आहे. मी ते वाचलं तेव्हा खरं सांगतो, आमच्या आजोबांची आठवण झाली. 'कसेल त्याची जमीन' म्हणत १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक झाली, त्या पिढीतले ते. त्यांचं एक वाक्य होतं, कायदा झाला आणि तलाठी आला यात चार पावसाळे गेले. कलम ७ चा तलाठी आमच्या तालुक्यात अजून आलेला नाही.

आमच्याच जिल्ह्यात एक गोष्ट घडून गेली आहे, ती आपल्याला माहीत असेल, पण पुन्हा सांगतो. पालघरजवळच्या खामलोली गावात मुंबई आयआयटीच्या मंडळींनी टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यातून इंटरनेट नेण्याचा प्रयोग केला. प्रा. अभय करंदीकर त्याचे प्रमुख. ते पुढे केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. त्यांच्या चमूने २०१४ मध्ये मोजणी मांडली होती. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमध्ये टीव्हीच्या १५ वाहिन्यांची जागा आहे, त्यातल्या १२ तरी देशात जवळपास कुठेही मोकळ्या. साहजिकच आहे, जमिनीवरून प्रक्षेपण करणारं एकटं दूरदर्शन. पुढे २०२१-२२ मध्ये दूरदर्शनने जुने ॲनालॉग प्रक्षेपकही बहुतेक बंद केले. आयआयटीच्या त्या 'ग्राम मार्ग' प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. बक्षीस जगाने दिलं, पट्टा मात्र आपण गावांना दिला नाहीत. ज्या अँटेनाच्या काड्या मी आयुष्यभर छपरांवर चढवल्या, तसल्याच काड्यांनी शाळेचं इंटरनेट जुलैतही चाललं असतं, ही गोष्ट मला फार टोचते. काड्या माझ्या माळ्यावर अजून पडून आहेत.

गावांना हे झेपेल का, हा प्रश्न दिल्लीत विचारला जातो, मुंबईतही. मेक्सिकोतल्या ओहाका राज्यात, डोंगरात, तालेआ दे कास्त्रो नावाचं झापोतेक लोकांचं गाव आहे. कंपन्यांना तिथे यायचं नव्हतं. २०१३ मध्ये गावाने स्वतःचं मोबाइलचं जाळं उभं केलं. पुढे अशा गावांच्या संस्थेला २०१६ मध्ये तिथल्या नियामकाने आदिवासी समाजाच्या वापरासाठीचा रीतसर परवाना दिला. लिलाव नाही, बोली नाही. आणि श्रीमंत देशाचंच उदाहरण हवं असेल तर ब्रिटन घ्या. कंपनीने घेतलेला पण एखाद्या ठिकाणी न वापरलेला पट्टा दुसऱ्या कुणालाही स्थानिक परवान्यावर मागता येईल, अशी सोय तिथल्या नियामकाने २०१९ मध्ये केली. तीन वर्षांसाठी ९५० पौंड, म्हणजे आपले लाखभर रुपये. एवढ्यात आमच्याकडे एक बोअरवेल होते, पाणी लागलंच तर.

आपल्याकडे पाहायचं तर गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघा. २००९ मध्ये तिथल्या ग्रामसभेला अठराशे हेक्टरांच्या आसपास जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. आपला बांबू ती स्वतः विकते, हिशेब ठेवते. जी ग्रामसभा जंगल सांभाळते तिला दहा मेगाहर्ट्झ सांभाळता येणार नाहीत? दूधसंस्थाही आम्हीच चालवल्या. काही बुडवल्या, हेही कबूल, पण बुडवायला कंपन्यांना तरी कुठे जमत नाही. २०२५ मध्ये लिलावाच्या थकलेल्या रकमेपोटी सरकारलाच एका कंपनीत ४९ टक्क्यांच्या आसपास हिस्सा घ्यावा लागला. चढ्या बोलीतून आलेला पैसा किती खरा होता, याचा विचार तेव्हा झाला असेल अशी आशा आहे.

कंपन्या म्हणतील, आम्ही पैसे मोजलेत. मोजलेत, मान्य. जिथे त्या वापरतात तिथे त्यांना कुणी हात लावू नये. उद्या त्या दरीत टॉवर घेऊन आल्या, तर सहा महिन्यांची आगाऊ नोटीस देऊन गावाला बाजूला व्हायला सांगावं, गाव होईल. तोवर मात्र पडीक रानात दुसऱ्याने नाचणी पेरली म्हणून मालकाचं काय जातं? सिग्नलची गल्लत होईल, हा आक्षेप खरा आहे, पण मधे दोन डोंगर आहेत. आमची अडचणच मुळी ही आहे की तिकडचा सिग्नल इकडे येत नाही.

आणि फायबर, वीज, जंगलातून खांब टाकायची परवानगी, ही दुखणी स्पेक्ट्रमने बरी होणार नाहीत, हेही मला माहीत आहे. माझ्या केंद्राचं फायबर पहिल्या पावसात तुटतं, ते उंदीर खातात की जेसीबी, यावर गावात दोन पक्ष आहेत. पण फायबर तुटलं तर जोडायला माणूस पाठवता येतो. पट्ट्याच्या बाबतीत अर्ज करायलाही खिडकी नाही.

तेव्हा मागणी अशी. आधी बारा लावा, म्हणजे प्रत्येक परिमंडळाचा, प्रत्येक पट्ट्याचा, टॉवरनिहाय वापर नकाशावर टाका, आणि न वापरलेला भाग पडीक म्हणून वेगळ्या रंगात दाखवा. मग कलम ७ मधलं 'पुरेसं कारण' म्हणजे काय ते लिहून काढा. दरी खोल आहे, लोक गरीब आहेत, गिऱ्हाईक कमी आहे, ही कारणं त्यात बसवू नका, नाहीतर आमचा अख्खा तालुका कारणातच जाईल. आणि तालुक्याएवढा, गावाएवढा छोटा परवाना काढा, जो ग्रामपंचायतीला, ग्रामसभेला, बचत गटांच्या संघाला ठरावीक वार्षिक शुल्कात मिळेल. सुरुवात पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना खास अधिकार असलेल्या, चार तालुक्यांनी करा. टीव्हीच्या मोकळ्या पट्ट्याचंही त्यातच बघा. कोणता आधी सोपा पडेल ते आपले तंत्रज्ञ माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

आपल्यापैकी कुणी प्रत्यक्ष पाहायला येणार असेल तर मोखाड्याच्या स्टँडवरून माझं केंद्र चालत पाच मिनिटांवर आहे, दोन्ही डिश अजून जागेवर आहेत. फक्त मे महिन्यात येऊ नका. तेव्हा सगळं चालू दिसेल. जुलैत या, साग भरात असताना, आणि येताना छत्री आणा.

आपला,
मोखाडा तालुक्यातला एक सेवा केंद्र चालक